चिमटीत न मावणारे धातू: मूत्रपिंडविकार आणि मंदावणारी बुद्धी

प्रस्तावना

डायलिसिसच्या यंत्रावर चार तास काढणाऱ्या माणसाच्या रक्ताशेजारून त्या वेळात साधारण १२० लिटर पाणी वाहून जाते. हिशेब सोपा आहे: मिनिटाला ५०० मिलिलिटर, तासाला ३० लिटर, चार तासांचे १२०. आठवड्यातून तीनदा हा फेरा, म्हणजे ३६० लिटर. निरोगी माणूस आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी पितो आणि तेही आतड्याच्या पहाऱ्यातून आत जाते. डायलिसिसमध्ये असा पहारा नाही. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, आणि कोणता धातू शरीराला हवा, कोणता नको, याची पारख त्या पडद्याला नसते. जिकडे एखादा पदार्थ जास्त, तिकडून तो कमी असलेल्या बाजूला सरकतो.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या शरीरातले सूक्ष्म धातू, ऑक्सिडीकरणाचा ताण आणि हळूहळू मंद होत जाणारी बुद्धी हा या पुस्तकाचा विषय. वरवर पाहता ही तीन वेगळ्या खात्यांची कामे: एक रसायनवाल्यांचे, एक मूत्रपिंडतज्ज्ञांचे, एक मेंदूच्या डॉक्टरांचे. ती एकत्र आली ती या पाण्यामुळे, म्हणून सुरुवातही पाण्यापासून करणे बरे.

विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये हॉलंडमधल्या कांपेन गावी पहिले कामचलाऊ डायलिसिस यंत्र उभे केले, पण ते थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी होते. कायमची निकामी झालेली मूत्रपिंडे घेऊन वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले ते १९६० नंतर, जेव्हा सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची बसवून ठेवायची युक्ती काढली. या पहिल्या पिढीने आयुष्याची काही वर्षे यंत्रावर काढली आणि मग काही रुग्णांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. बोलताना शब्द अडखळायचे, आधी फक्त डायलिसिसच्या वेळी किंवा ते संपल्यावर, मग सदाचेच. हातापायांना झटके यायचे. स्वभाव बदलायचा, भास व्हायचे, फिट्स यायच्या. सुरुवातीपासून काही महिन्यांत मृत्यू. डेन्व्हरमध्ये ॲलन ॲल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याला ‘डायलिसिस डिमेन्शिया’ असे नाव पडले.

कारण कळायला आणखी चार वर्षे गेली. १९७६ मध्ये याच गटाने मृत रुग्णांच्या मेंदूतले ॲल्युमिनियम मोजून दाखवले. मेंदूच्या करड्या भागात, कोरड्या वजनाच्या दर किलोमागे, मूत्रपिंडाचा आजार नसलेल्यांत २.२ मिलिग्रॅम, डायलिसिसवर असून दुसऱ्या कारणाने गेलेल्यांत ६.५, आणि या आजाराने गेलेल्यांत २५. ॲल्फ्री यांचा पहिला संशय पाण्यापेक्षा गोळ्यांवर होता. मूत्रपिंड बंद पडले की रक्तात फॉस्फेट साचते. ते अन्नातच बांधून ठेवण्यासाठी त्या काळी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मुक्त हस्ताने दिले जाई. संशय रास्त होता. डायलिसिस कधीच न झालेल्या, पण या गोळ्या घेत असलेल्या लहान मुलांतही नंतर असाच आजार आढळला.

पण दुसरी वाट पाण्याची निघाली आणि ती इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये सापडली. तिथल्या डायलिसिस रुग्णांची हाडे क्षुल्लक कारणाने मोडत होती. व्हिटॅमिन डी देऊन उपयोग होत नव्हता, आणि त्यातल्याच बऱ्याच जणांची बुद्धीही ढासळत होती. शहराचे पाणी निवळण्यासाठी ॲल्युमिनियम सल्फेट वापरले जात होते. ब्रिटनमधल्या १८ केंद्रांची पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाण्यात ॲल्युमिनियम जास्त तिथे मोडकी हाडे आणि बिघडलेले मेंदू जास्त, असा मेळ तीत स्पष्ट दिसला. पाण्यातले क्षार काढून टाकणारी यंत्रणा बसवल्यावर आजार ओसरू लागला. पुढे रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आपला ‘आरओ’, डायलिसिस केंद्रांचा अनिवार्य भाग झाला. ॲल्युमिनियमच्या गोळ्या मागे पडल्या. ज्यांच्या शरीरात धातू आधीच साचला होता, त्यांच्यासाठी डेफेरॉक्सामिन हे धातू ओढून काढणारे औषध आले. वैद्यकाच्या इतिहासात बुद्धिभ्रंशाचा एखादा प्रकार जवळजवळ पुसला गेल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. हे त्यांतले एक.

जवळजवळ म्हणण्याचे कारण कुरासाओ. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्राकडे जाणारी पाण्याची नवी नळवाहिनी टाकली गेली. आतून सिमेंटचे अस्तर असलेली. बेटावरचे पाणी समुद्राचे क्षार काढून तयार केलेले, त्यामुळे ते सिमेंटला खाणारे. अस्तरातले ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात उतरले. त्या केंद्रातले २७ रुग्ण त्याच्या संपर्कात आले आणि १० दगावले. तेच पाणी पिणाऱ्या बाकीच्या लोकांना काहीही झाले नाही.

या शेवटच्या वाक्यात सगळा विषय आहे असे मला वाटते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. डायलिसिसच्या पाण्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे नगरपालिकेने चोख काम केले, अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का बसला, तरी ते पाणी यंत्राला वीसपट जास्त ॲल्युमिनियम पुरवत असू शकते. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरण केंद्रात तुरटीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच क्षाराची, मात्रा वाढवावी लागते, उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचे पाणी येते. महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांत आणि तालुक्याच्या गावी डायलिसिसची केंद्रे गेल्या काही वर्षांत वाढली. महात्मा फुले योजनेमुळे आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे ती गरिबांच्या आवाक्यात आली. ही चांगली गोष्ट आहे. पण खाटा आणि यंत्रे मोजण्याइतकाच उत्साह आरओच्या पाण्याच्या तपासणीबद्दलही हवा, आणि ती तपासणी वर्षातून एकदा हिवाळ्यात करून भागणार नाही.

ॲल्युमिनियम हा शरीराला कशालाच न लागणारा धातू. त्यामुळे त्याची गोष्ट सरळ आहे: शत्रू आत शिरला, बाहेर काढला. खरी गुंतागुंत सुरू होते ती लागणाऱ्या धातूंपाशी. जस्त, तांबे, सेलेनियम, मँगनीज, लोह. यांतले लोह आणि जस्त शरीरात काही ग्रॅम. बाकीचे ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कितीतरी कमी. तरी यांच्याशिवाय पेशीचा एक दिवसही निभत नाही.

इथे ऑक्सिडीकरणाच्या ताणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण जाहिरातींनी या संकल्पनेचा पार चोथा केला आहे. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग पेशीत शिस्तीने पाण्यात बदलतो. थोडा भाग वाटेत अर्धवट अवस्थेत निसटतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी टवाळ रूपे घेतो. ही रूपे निव्वळ वाईट नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात, आणि पेशींतल्या निरोपांच्या देवाणघेवाणीतही त्यांचा उपयोग होतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. ती निवारणारी यंत्रणा अपुरी पडली की चरबीचे, प्रथिनांचे आणि डीएनएचे नुकसान सुरू होते. हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये या असमतोलाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव दिले.

आणि ती निवारणारी यंत्रणा धातूंवर उभी आहे. सुपरऑक्साइड निवारणारे एन्झाइम १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखले. त्याच्या एका रूपात तांबे आणि जस्त असते, पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या दुसऱ्या रूपात मँगनीज. पेरॉक्साइड निवारणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या गाभ्यात सेलेनियम असते, हे १९७३ मध्ये कळले. उलट बाजूला लोह आणि तांबे मोकळे सुटले तर तेच पेरॉक्साइडपासून सर्वांत घातक हायड्रॉक्सिल मूलक घडवतात. लोहाच्या या उद्योगाची सविस्तर नोंद केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये केली होती, तेव्हा त्यांच्यापुढे रुग्ण नव्हता, टार्टारिक आम्ल होते.

मूत्रपिंडाच्या रुग्णात हा तोल अनेक बाजूंनी ढळतो. न गाळलेली विषद्रव्ये साचतात. शरीरात मंद दाह सतत चालू राहतो. रक्त यंत्राच्या कृत्रिम पडद्याला लागले की पांढऱ्या पेशी खवळतात. डायलिसिसमध्ये व्हिटॅमिन सी निघून जाते, आणि भरून काढायला ते जास्त दिले तर त्याचे ऑक्झलेट होऊन साचते. पाण्यात जंतुनाशक क्लोरामाइन राहून गेले तर लाल पेशी अक्षरशः ऑक्सिडीकरणाने फुटतात. क्लोरामाइन अडवायला आरओ पुरत नाही, कोळशाची गाळणी लागते. मेंदू मात्र या सगळ्याचा मारा सोसायला नालायक अवयव आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, ऑक्सिजनच्या खर्चात वीस टक्के, आणि बांधणीत सहज खराब होणारी चरबी भरपूर.

मग धातूंच्या पातळ्या कशा असतात? २००९ मध्ये मार्सेलो टोनेली आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. हिमोडायलिसिसच्या रुग्णांत सेलेनियम, जस्त आणि मँगनीज कमी. तांबे, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, व्हॅनेडियम जास्त. हा तक्ता पाहिला की कुणाच्याही मनात पहिला विचार येतो तो असा: कमी आहे ते देऊ या. विचार इतका साधा आणि इतका समंजस वाटतो की त्यावर दुकाने उभी राहिली आहेत. या पुस्तकाच्या प्रकरणांमधून मला जो एक धागा दिसतो तो नेमका याच्या आड येणारा आहे. या क्षेत्रातला आजवरचा एकमेव मोठा विजय धातू काढून मिळाला. घालून मिळालेला नाही. आणि न मिळण्यामागे नुसते दुर्दैव नाही, कारणे आहेत.

सेलेनियमचेच पाहा. रक्तद्रवात फिरणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मुख्यतः मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींत तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडे बाद झाली की ते घटते. रुग्णाला सेलेनियम दिले तर रक्तातले सेलेनियम वाढते, लाल पेशींतले एन्झाइमही सुधारते, पण रक्तद्रवातले एन्झाइम फारसे हलत नाही. कच्चा माल पोचला, पण घडवणारा जागेवर नाही. याच रुग्णाला नवे मूत्रपिंड बसवा, आणि थोड्याच दिवसांत ते एन्झाइम वर येऊ लागते. पोलंडमधल्या संशोधकांनी हे पद्धतशीर दाखवले आहे. रक्ततपासणीचा आकडा आणि शरीराची उणीव या दोन गोष्टी एकच नव्हेत, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही.

जस्ताची कथा आणखी लांब, आणि तिच्यात एक आपल्या देशाचा माणूस आहे. बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला काम करत असताना त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांचा होता. त्याच्या खाण्यात मुख्यतः बिनखमिराची रोटी होती. धान्यातले फायटेट जस्ताला धरून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही, हे त्यातून उमगत गेले. माणसाला जस्त लागतेच, हे तोवर कुणी गांभीर्याने घेतले नव्हते. ज्वारी-बाजरीच्या आणि डाळींच्या आहारातही फायटेट असतेच. त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियमच्या भीतीने भाज्या उकळून पाणी फेकायला सांगतात, फॉस्फरसच्या भीतीने डाळ आणि सुकामेवा कमी करतात, तोंडाला चव नसते म्हणून तो आधीच अर्धपोटी राहतो. जस्ताच्या उणिवेने चव जाते, चव गेल्याने जस्त कमी पोटात जाते. हे चक्र कुठून सुरू झाले हे रुग्णाच्या बायकोलाही सांगता येत नाही, डॉक्टरांना तर नाहीच.

पण रक्तातले जस्त कमी आहे म्हणजे शरीरात जस्त कमी आहे, असे लगेच म्हणता येत नाही. शरीरातल्या दोन-अडीच ग्रॅम जस्तापैकी बहुतेक सगळे स्नायू आणि हाडांत असते. रक्तद्रवात हजारांश हिस्सा. खिशातल्या सुट्ट्या पैशांवरून घराण्याची मिळकत ठरवण्याचा हा प्रकार. शिवाय रक्तातले जस्त अल्ब्युमिनला चिकटून फिरते आणि दाह वाढला की अल्ब्युमिनही उतरते, जस्तही यकृताकडे वळते. त्याच दाहाने तांबे वाहणारे सेरुलोप्लाझ्मिन वाढते. म्हणजे ‘जस्त कमी, तांबे जास्त’ हे चित्र धातूंच्या कथेपेक्षा दाहाची सावली जास्त असू शकते. ज्या रुग्णाला दाह जास्त, त्याच्या रक्तवाहिन्या जास्त खराब. रक्तवाहिन्या खराब तर बुद्धी मंद. मग जस्त आणि स्मरणशक्ती यांचा संबंध दाखवणारे छोटे अभ्यास आपल्याला नेमके काय सांगतात? एकाच दिवशी रक्त घेऊन आणि एकाच दिवशी प्रश्नावली भरून केलेल्या अभ्यासाला आधी काय आणि नंतर काय हे ठाऊक नसते. अशा अभ्यासांवरून गोळी लिहून देणाऱ्यांचा मला राग येत नाही, पण आश्चर्य वाटते.

गोळीच्या तोट्याची भीतीही बिनबुडाची नाही. जस्त दीर्घकाळ जास्त मात्रेत दिले तर आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढते, ते तांब्याला घट्ट पकडते आणि त्या पेशी झडल्या की तांबे शौचावाटे निघून जाते. तांब्याची उणीव झाली तर रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, आणि मज्जारज्जू खराब होऊन चालताना पाय लटपटू लागतात. डायलिसिसच्या रुग्णांत हे घडल्याच्या नोंदी आहेत. थकवा, रक्तक्षय आणि पायांतला अशक्तपणा ही या रुग्णांची नेहमीचीच गाऱ्हाणी असल्यामुळे निदान लांबते. चांगल्या हेतूने दिलेली गोळी आणि मूळ आजार यांत फरक करणे मग अवघड होऊन बसते.

पाण्यातून जस्त फार गेले तर काय होते, याचे एक विस्मरणात गेलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातले. तिथे घरी डायलिसिस करणाऱ्या एका रुग्णासाठी छतावरच्या गॅल्व्हनाइज्ड टाकीत साठवलेले पावसाचे पाणी वापरले गेले. उलट्या, ताप आणि तीव्र रक्तक्षय झाला. पावसाचे पाणी! सर्वांत शुद्ध म्हणून आपण ज्याची शपथ घेतो ते.

लोहाबद्दल मात्र सिद्धांत तोंडावर आपटला, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. फेंटनचे रसायन पाहता शिरेतून दिलेले लोह म्हणजे ऑक्सिडीकरणाला खतपाणी, असा धसका अनेकांना होता, मलाही तो रास्त वाटत असे. ब्रिटनमध्ये २,१४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या ‘पिव्होटल’ चाचणीत शिरेतून आगाऊ, भरपूर लोह मिळालेल्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना हात आखडून दिलेल्या गटापेक्षा कमी निघाल्या. ही चाचणी बुद्धीसाठी नव्हती, आणि अमर्याद लोह द्या असेही ती म्हणत नाही. तिच्यातही वरची मर्यादा आखलेली होती. पण प्रयोगशाळेतल्या समीकरणावरून माणसाचे भवितव्य वाचू नये, हे तिने चांगलेच शिकवले.

उलट दिशेचा धडा बार्डॉक्सोलोनने दिला. हे औषध पेशीची स्वतःचीच ऑक्सिडीकरणविरोधी यंत्रणा जागी करते. कागदावर यापेक्षा नेमके औषध सापडणार नाही. मधुमेहामुळे मूत्रपिंड खूप बिघडलेल्या २,१८५ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी सुरू झाली आणि २०१२ मध्ये ती थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढले होते. व्हिटॅमिन ईचीही एक चाचणी आशादायक निघाली, मोठ्या चाचणीतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत मात्र फायदा दिसला नाही. त्यावर अधिक रेंगाळण्याची गरज नाही.

आता बुद्धीकडे. अमेरिकेत मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात पंचावन्न वर्षांवरील ३३८ डायलिसिस रुग्णांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. बुद्धीच्या चाचण्यांत ३७ टक्क्यांहून अधिक रुग्णांना गंभीर अडचण होती. पूर्ण ठीक म्हणावेत असे १३ टक्केही नव्हते. केसपेपरवर मात्र अशी नोंद जेमतेम ३ टक्क्यांच्या नावावर. हा शेवटचा आकडा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. रुग्ण आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे, त्याच खुर्चीवर, त्याच परिचारिकांसमोर बसतो आणि तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

न येण्याचे एक कारण म्हणजे ही घसरण नेहमीच्या विसराळूपणासारखी दिसत नाही. नाव, गाव, जुन्या आठवणी शाबूत राहतात. जाते ते नियोजन, क्रम लावणे, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणे. बँकेची पावती भरताना गोंधळ, गोळ्यांचा डबा चुकीचा भरणे, पाण्याचे माप सांभाळायचे ठरवून न सांभाळणे. घरचे म्हणतात, ‘हट्टी झालेत’. डॉक्टर म्हणतात, ‘पथ्य पाळत नाहीत’. हा प्रकार बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जास्त जुळतो. मेंदू आणि मूत्रपिंड या दोन्ही अवयवांत रक्त मोठ्या दाबाने आणि कमी अडथळ्याने शिरते, त्यामुळे उच्च रक्तदाब आणि मधुमेह दोघांच्या वाहिन्या एकाच पद्धतीने कुरतडतात. डायलिसिसच्या वेळी रक्तदाब घसरतो तेव्हा त्यात आणखी भर पडते. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात वृद्ध रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह डायलिसिसदरम्यान सरासरी १० टक्क्यांनी उतरलेला दिसला. तेव्हा धातू आणि ऑक्सिडीकरण यांना या आजाराचे एकमेव कारण ठरवू नये. ते अनेकांतले एक, आणि बहुधा वाहिन्यांच्या नुकसानीतून काम करणारे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अनेकांची बुद्धी सुधारते, ही यातली दिलाशाची गोष्ट. सगळेच नुकसान कायमचे नसते.

या पार्श्वभूमीवर मराठी वाचकाला या पुस्तकाचा उपयोग कसा व्हावा? मला वाटते, ‘काय घालावे’ या प्रश्नाआधी ‘काय काढावे’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी. घरात आंबट वरण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात शिजवावे का, याची काळजी पुष्कळ जण करतात. ती अगदीच निरर्थक नाही, पण अन्नातून दिवसाला काही मिलिग्रॅम ॲल्युमिनियम जाते आणि त्याचा एक टक्काही शोषला जात नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधाच्या काही चमच्यांतून मात्र शेकडो मिलिग्रॅम जाऊ शकते. जठराच्या व्रणासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सुक्राल्फेटमध्येही ॲल्युमिनियम आहे, हे घेणाऱ्याला क्वचित ठाऊक असते. त्यावर लिंबू सरबत किंवा सायट्रेटचे औषध घेतले तर शोषण आणखी वाढते. मूत्रपिंड शाबूत असलेल्याने या औषधांना घाबरण्याचे कारण नाही. डायलिसिसवरच्या माणसाने मात्र ती दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊ नयेत.

भस्मांबद्दल बोलणे आपल्याकडे नाजूक असते, म्हणून एकच नोंद करतो. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंपरेवर श्रद्धा असणे वेगळे, आणि शिसे शरीराबाहेर टाकण्याचा रस्ता बंद झालेल्या माणसाला ती पुडी देणे वेगळे. रुग्णाच्या सगळ्या औषधांची, काढ्या-चूर्णांसकट, एक यादी करून मूत्रपिंडतज्ज्ञांपुढे ठेवणे हे कोणत्याही अँटिऑक्सिडंटच्या बाटलीपेक्षा मोलाचे काम आहे. जस्ताची उणीव खरी असेल तर ते जरूर द्यावे, पण मोजून, मुदत ठरवून आणि तांब्यावर लक्ष ठेवून.

पुढच्या प्रकरणांत हे सारे तपशिलाने येते. धातूंची प्रकरणे वाचताना वैद्यकीय विद्यार्थ्याला रमायला पुष्कळ आहे. पाण्याचे प्रकरण डायलिसिस तंत्रज्ञांनी वाचावे, आणि रुग्णालय चालवणाऱ्यांनी तर दोनदा. नातेवाइकांनी मात्र बुद्धीच्या चाचण्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. त्यात एक निरीक्षण आहे ज्याकडे आपल्या केंद्रांत कुणाचे लक्ष नाही. डायलिसिसच्या रुग्णाची बुद्धी दिवसागणिक वरखाली होते. डायलिसिसच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी ती सर्वांत चांगली चालते, आणि यंत्र चालू असताना सर्वांत वाईट. आपल्याकडे डॉक्टरांची फेरी, आहारतज्ज्ञांचा सल्ला, औषधांतले बदल, संमतिपत्रावरची सही हे सगळे नेमके यंत्र चालू असताना उरकले जाते, कारण रुग्ण तेव्हाच हाती लागतो. ही वेळ बदलायला नवे औषध लागत नाही, पैसे लागत नाहीत. बदललेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आलेल्या माणसाच्या हातात द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन करून ती रुग्णाकडून परत वदवून घ्यावी.